मोकळीक आहे, तरी सोडायचं का? हक्क सोडण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाच्या वर्गात, घरगुती प्रार्थनासभेनंतर चहा पिताना आणि अलीकडे जास्त करून फोनवर हे प्रश्न मला फिरून फिरून येतात. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून काढले. सोपे आधी घेतले आहेत, अवघड नंतर. बायबल शेजारी उघडं ठेवून वाचलंत तर बरं.

१. ख्रिस्ती माणूस मोकळा आहे म्हणता आणि लगेच दुसऱ्यासाठी सोडा म्हणता. मग मोकळीक उरली कुठे?

उरते, कारण मोकळा माणूसच काही सोडू शकतो. ज्याच्याकडून काढून घेतलं, त्याने काही सोडलेलं नसतं. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल पहिल्याच वचनात बजावतो की ख्रिस्ताने तुम्हाला मोकळं केलंय, पुन्हा जोखडाखाली मान देऊ नका. त्याच अध्यायाच्या तेराव्या वचनात तो सांगतो की ही मोकळीक देहाचे लाड पुरवायला वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. मार्टिन लुथरने १५२० साली याच विषयावर पुस्तिका लिहिली. तिच्या सुरुवातीला त्याने दोन विधानं शेजारी शेजारी ठेवली: ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा धनी आहे, कुणाचा ताबेदार नाही, आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक आहे, प्रत्येकाचा ताबेदार आहे. पहिलं विधान विश्वासाचं, दुसरं प्रीतीचं. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरी आहेत.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. लाच न घेणं, खोटी साक्ष न देणं याला हक्क सोडणं म्हणत नाहीत. तो हक्क मुळात नव्हताच. या पानावर बोलतोय ते करायला हरकत नसलेल्या गोष्टींबद्दल.

२. ही शिकवण नेमकी कुठे आहे आणि कशावरून निघाली?

मुख्य जागा दोन: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ८ ते १०, आणि रोमकरांस पत्र, अध्याय १४ पासून पुढे १५:७ पर्यंत.

करिंथ शहर रोमी सैन्याने इ.स.पू. १४६ मध्ये धुळीला मिळवलं होतं. इ.स.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरच्या हुकमाने ते रोमी वसाहत म्हणून पुन्हा वसलं. पौल तिथे साधारण इ.स. ५० ते ५२ च्या दरम्यान दीड वर्ष राहिला आणि काही वर्षांनी इफिसहून त्याने हे पत्र पाठवलं. शहरात देवळं भरपूर. काही देवळांच्या आवारात जेवणाच्या खोल्या होत्या; पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी त्या खणून काढल्या आहेत. वाढदिवस, आजारातून उठल्याचं जेवण, धंद्यातल्या ओळखीपाळखी, सगळं तिथेच व्हायचं. बळी दिलेल्या जनावराचं काही मांस वेदीवर जायचं, काही पंगतीत आणि काही बाजारात. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या माणसापुढे रोजचा प्रश्न उभा राहिला: हे खाऊ की नको?

आपल्या मराठी बायबलात या मांसासाठी शब्द आहे ‘मूर्तीला दाखवलेला नैवेद्य’. इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये हा अध्याय वाचणाऱ्याला तो जुन्या काळातली गोष्ट वाटतो. आपल्याला तो वाचताना शेजारच्या घरातल्या उदबत्तीचा वास येतो. (त्यामुळे प्रसादाचा प्रश्न येणारच. तो ७ व्या प्रश्नात घेतला आहे.)

३. मूर्ती काहीच नाही हे पौलालाही मान्य आहे. मग खाणाऱ्यांचं चुकलं कुठे?

त्यांचं ज्ञान बरोबर होतं. चूक होती ती त्या ज्ञानाने काय करायचं यात. ‘देव एकच आहे, मूर्तीत काही नाही, म्हणून आम्ही देवळातल्या पंगतीतही बसू’ असं काही जण म्हणत होते. पौल त्यांचं पहिलं वाक्य खोडत नाही. तो त्यांना दुसऱ्या एका माणसाकडे बघायला लावतो. हा माणूस कालपरवापर्यंत त्याच देवळात हात जोडत होता. ते मांस तोंडात गेलं की त्याच्यासाठी ती पूजाच होते. तो तुम्हाला, जाणत्या माणसाला, तिथे जेवताना बघतो, त्याला धीर येतो आणि तोही खातो. तुम्ही मांस खाल्लं, त्याने मात्र आपल्या मनाविरुद्ध पूजा केली. पौल म्हणतो, ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या भावाचा तुमच्या ज्ञानाने नाश होतो (१ करिंथ ८:११). आणि मग स्वतःबद्दल सांगतो: अन्नाने माझा भाऊ अडखळत असेल तर मी कधीही मांस खाणार नाही.

मला या अध्यायातली सगळ्यात जड गोष्ट हीच वाटते. आपण योग्य आहोत हे सिद्ध झाल्यानेही काम भागत नाही.

४. ‘अडखळण’ म्हणजे काय? कुणी माझ्यावर नाराज झालं म्हणजे मी त्याला अडखळण झालो का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अडखळणं म्हणजे रस्त्यात ठेच लागून पडणं. तुमचं बघून एखादा माणूस त्याच्या स्वतःच्या सद्सद्विवेकबुद्धीला जे चुकीचं वाटतं ते करून बसला, तर तो अडखळला. रोम १४:२३ चा मुद्दा हाच आहे: मनात शंका असताना जो खातो तो दोषी ठरतो, कारण ते विश्वासाने केलेलं नसतं. म्हणजे अडखळणारा माणूस तुमच्या मागून तेच करतो. तो काठावर उभा राहून तुमच्यावर बोट दाखवत नाही.

आता येशूच्या दोन गोष्टी घ्या. मत्तय १७ मध्ये मंदिराची पट्टी गोळा करणारे पेत्राकडे येतात. आपण पुत्र आहोत, आपल्याला ती लागू नाही, असं येशू आधी स्पष्ट सांगतो. पण त्यांना अडखळण होऊ नये म्हणून समुद्रावर जाऊन गळ टाक, माशाच्या तोंडात नाणं मिळेल, ते दोघांचं म्हणून भर, असंही सांगतो. दोन अध्याय आधी, मत्तय १५ मध्ये, हात धुण्याच्या रूढीवरून परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना, त्याचं बोलणं खुपतं. शिष्य घाबरून त्याला ते कळवतात. तिथे तो एक शब्द मागे घेत नाही; राहू द्या त्यांना, आंधळ्यांचे आंधळे वाटाडे आहेत, म्हणतो.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने यावरूनच दोन प्रकार वेगळे केले: आपण दिलेली ठेच आणि समोरच्याने ओढवून घेतलेली ठेच. दुर्बळाची ठेच आपण सांभाळायची, परूशी वृत्तीच्या नाराजीपुढे मान तुकवायची नाही. एखादी गोष्ट समोर आली की मी स्वतःला एवढंच विचारतो: हा माणूस माझं बघून पडेल, की फक्त चिडेल?

५. आमच्यात ‘दुर्बळ’ कोण हे ठरवायचं कुणी?

पौलाने कुणाच्या कपाळावर शिक्का मारलेला नाही. ज्याची विवेकबुद्धी एखाद्या बाबतीत अजून मोकळी झालेली नाही, तो त्या बाबतीत दुर्बळ. तोच माणूस दुसऱ्या बाबतीत तुमच्यापेक्षा खंबीर असेल. ‘दुर्बळ’ ही शिवी नाही. रोम १४:३ मध्ये दोघांनाही समज दिली आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये.

६. पौलाने स्वतः मांसाशिवाय आणखी काय सोडलं?

पगार. करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय लोक वेगळा वाचतात, पण तो याच मुद्द्याचं उदाहरण आहे. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावं हा हक्क पौल आधी हिरिरीने सिद्ध करतो. शिपाई पदरचं खाऊन लढतो का? द्राक्षमळा लावणारा द्राक्षं खात नाही का? मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये असं नियमशास्त्रच सांगतं. एवढं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणतो, पण मी हा हक्क वापरला नाही. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो तंबू शिवायचा.

पण फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली मदत त्याने घेतली. म्हणजे पैसे न घेणं हे त्याचं व्रत नव्हतं. जिथे घेतल्याने सुवार्तेला अडथळा आला असता तिथे घेतले नाहीत, जिथे आला नसता तिथे आनंदाने घेतले. म्हणून पाळकांना अर्ध्या पगारावर ठेवून वर हा अध्याय वाचून दाखवणाऱ्या कमिट्यांना मी कळकळीने सांगतो: हक्क सोडणं पौलाच्या हातात होतं. देणाऱ्यांना तो अध्याय उलट सांगतो, देणं तुमचं कर्तव्य आहे.

७. शेजाऱ्यांनी गणपतीचा प्रसाद आणून दिला तर घ्यायचा का?

दरवर्षी भाद्रपदात हा प्रश्न येतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तीन वेगळ्या जागांना तीन वेगळी उत्तरं आहेत. मूर्तीच्या पंगतीत भाग घेणं नको. प्रभूच्या मेजावर आणि तिथेही, असं दोन्हीकडे बसता येत नाही. बाजारात जे विकतं ते काही न विचारता घ्या, कारण पृथ्वी परमेश्वराची आहे. कुणी घरी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा, चौकशी करू नका. पण ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. कुणासाठी? ज्याने सांगितलं त्याच्या विवेकासाठी, तुमच्या नव्हे.

आता आपल्याकडे. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ म्हणून प्रेमाने दिलेली वडी, लग्नाचं जेवण: माझ्या मते हे घरी बोलावून वाढलेलं किंवा बाजारातलं अन्न आहे, खावं आणि देवाचे आभार मानावेत. ‘प्रसाद आहे’ म्हणून हातावर ठेवलं जातं तेव्हा मात्र सांगणाऱ्याने सांगितलेलं असतं. तिथे मी घेत नाही. माझ्यापेक्षा वेगळं मत असलेले देवभिरू लोक आहेत. त्यांच्याशी मी भांडत नाही, प्रश्न ५ लक्षात ठेवतो. पण नाही म्हणतानाही प्रीती सुटता कामा नये. तोंड फिरवणं, घेऊन मागच्या दाराने टाकून देणं, हे दोन्ही वाईट. नम्रपणे सांगता येतं.

आमच्या चाळीत शेजारच्या काकूंना माझ्या आईने असंच एकदा सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, “हे दाखवलेले नाहीत हो, दुसऱ्या घाण्यातले आहेत. एकवीस आधीच काढून ठेवले.” डब्याच्या झाकणावर आतून वाफेचं पाणी जमलं होतं, मोदक अजून गरम होते. आमच्या विवेकबुद्धीसाठी त्या बाईने सणाच्या गडबडीत वेगळा घाणा लावला. नाताळात आई त्यांच्यासाठी अंडं न घालता केक करायची. करिंथच्या आठव्या अध्यायावर मी बरीच प्रवचनं ऐकली, पण तो मला कळला तो त्या डब्यामुळे.

८. शाकाहारी शेजाऱ्यांमध्ये राहतो. घरी सुके बोंबील भाजायचे की नाही?

शेजाऱ्याला वास सहन होत नाही, ही प्रश्न ४ मधल्या अर्थाने अडखळण नव्हे. तो तुमचं बघून बोंबील खाणार नाही. पण पौल हेही म्हणतो की मी सर्वांपासून मोकळा असून सर्वांचा दास झालो, अधिक लोक मिळावेत म्हणून (१ करिंथ ९:१९). चतुर्थीच्या दिवशी न भाजणं, खिडकी लावून घेणं, पाहुण्यांसाठी वेगळी भांडी ठेवणं, हे सगळं त्या दासपणात येतं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा तिथे राहणाऱ्या हिंदू विधवांना आपापले खाण्यापिण्याचे आचार पाळायची मुभा ठेवली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हा काही काळ आपलं सोवळं सांभाळत राहिल्या. एकाची मोकळीक आणि दुसऱ्याचं सोवळं एकाच घरात नांदलं. हा आपलाच इतिहास आहे.

पण ‘तुम्ही मांस खाता म्हणून घर देणार नाही’ असं सोसायटी म्हणाली, तर ते तुम्ही सोडलेलं नव्हे, तुमच्याकडून घेतलेलं. त्याविरुद्ध बोलायला काही हरकत नाही. प्रश्न १२ पाहा.

९. दारूबद्दल बायबलात बंदी नाही. मग मंडळीत इतका विरोध का?

प्यायलेल्या माणसाने घर कसं मोडतं हे आपल्या वस्त्यांनी बघितलंय, म्हणून. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला हे खरं आहे, आणि मद्यपी होऊ नका हेही वचन आहे. मधल्या जागेत रोम १४:२१ येतं, आणि त्यात द्राक्षारसाचं नाव घेऊनच सांगितलंय.

पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाला न आंबवलेला रस वापरतात. त्यामागे अमेरिकेतले थॉमस वेल्च नावाचे दंतवैद्य आहेत. १८६९ साली त्यांनी द्राक्षांचा रस उकळून टिकवायची रीत बसवली, ती प्रभुभोजनासाठीच.

एका लग्नात मी पाहिलं. टोस्टसाठी वाइनचे पेले भरून आले, तेवढ्यात वराचा मोठा भाऊ उठला, वाढप्याच्या कानात काही बोलला, आणि दहा मिनिटांनी सगळ्या टेबलांवर कोकम सरबत आलं. पहिल्या रांगेत त्यांचे मामा बसले होते. त्यांनी दारू सोडून वर्षही झालं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. मामांनी पेला उचलला आणि सगळ्यांबरोबर प्यायले.

१०. पौलाने तीमथ्याची सुंता केली आणि तीताची होऊ दिली नाही. हा दुटप्पीपणा नाही का?

वरवर तसं दिसतं. दोघेही पौलाचे सोबती. तीमथ्याची आई यहूदी होती. यहूद्यांमध्ये त्याला घेऊन जायचं होतं, म्हणून दाराशीच अडथळा नको (प्रेषितांची कृत्ये १६:३). तीताच्या वेळी काही लोक म्हणत होते की सुंतेशिवाय तो पुरता ख्रिस्ती नाहीच. तिथे पौल घटकाभरही नमला नाही (गलती २:३ ते ५). कृती तीच असली तरी एकीकडे प्रीतीने केलेली सवलत होती आणि दुसरीकडे तारणाची अट.

म्हणून कुणी तुम्हाला ‘माझ्यासाठी सोड’ म्हणालं तर विचार करा. ‘हे सोडल्याशिवाय तू खरा विश्वासणारा नाहीस’ म्हणालं, तर सोडू नका.

११. आमच्या मंडळीत काही वडीलधारे प्रत्येक नव्या गोष्टीला ‘अडखळण’ म्हणतात. गिटार, जीन्स, बहिणींनी प्रार्थना चालवणं. ऐकायचं का?

तरुण संघातून येणारा हा नेहमीचा प्रश्न. प्रश्न ४ ची कसोटी लावा. तीस वर्षं मंडळीत असलेले, वचन तोंडपाठ असलेले वडील गिटार ऐकून विश्वासातून पडणार नाहीत. त्यांना ती आवडत नाही. आवडीनिवडीचा मान राखणं चांगलंच, पण त्याला अडखळण म्हणू नये. दुर्बळाच्या संरक्षणासाठी दिलेलं वचन बलवानाच्या हातात काठी झालं, की त्याचा मार नेहमी सुनांना, मुलींना आणि नव्याने आलेल्यांना बसतो. हे मी बघितलंय आणि मला त्याचं दुःख आहे.

तरीही तरुणांना एक मागणं आहे. हक्क आहे म्हणून पहिल्याच रविवारी ड्रम लावू नका. १५२२ च्या मार्चमध्ये लुथर विटेनबर्गला परतला तेव्हा त्याच्याच बाजूच्या लोकांनी घाईघाईने सगळं बदलायला घेतलं होतं. लागोपाठ आठ दिवस प्रवचनं करून त्याने त्यांना आवरलं. त्यांची मतं त्याला पटत होती, जबरदस्ती पटत नव्हती. आई बाळाला आधी दूध देते, मग पेज, मग अंडी आणि मऊ अन्न, असं तो म्हणाला. पण कुणी न खाण्याची सक्ती केली तर मुद्दाम खावं, असंही त्याच प्रवचनांत आहे. त्याच महिन्यात झुरिकमध्ये एका छापखानेवाल्याच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले. तिथला धर्मसुधारक झ्विंगली हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण खाणाऱ्यांची बाजू घेऊन प्रवचन केलं.

१२. नवरा मारतो. मंडळीतल्या बायका म्हणतात, ख्रिस्ताने सोसलं, तूही हक्क सोड. खरं आहे का?

नाही, ताई. अजिबात नाही.

ज्या पौलाने मांस आणि पगार सोडला, त्याच पौलाने फटके चुकवण्यासाठी रोमी नागरिकत्व पुढे केलं (कृत्ये २२:२५). फिलिप्पैत बेकायदा मारून गुपचूप सोडायला निघाले तेव्हा त्याने अधिकाऱ्यांना स्वतः येऊन बाहेर न्यायला लावलं. न्याय मिळत नाही असं दिसल्यावर त्याने कैसराकडे दाद मागितली (२५:११). हक्क सोडल्याने समोरच्याचं भलं व्हायला हवं. मार खात राहिल्याने मारणाऱ्याचं भलं होत नाही, त्याचं पाप वाढतं, आणि मुलं ते शिकतात. तुम्ही आधी सुरक्षित ठिकाणी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांत तक्रार करायला घाबरू नका. याला विश्वासाची कमतरता म्हणणाऱ्यांनी कृत्यांचे हे अध्याय वाचावेत.

१३. एकदा सोडलं की जन्मभर सोडायचं का?

माणसावर अवलंबून आहे. सोडणं समोरच्याच्या उन्नतीसाठी असेल तर त्याला शिकवणंही त्यातच आलं. त्याचा विवेक मोकळा झाला तर तुमचीही गरज संपते. मामांच्या बाबतीत (प्रश्न ९) ते बहुतेक जन्मभराचं असेल, आणि त्यांच्या भाच्याला ते जड वाटत नाही.

१४. एकाच टेबलावर दोघं बसलेत. एकाला मी खाल्ल्याने ठेच लागेल, दुसऱ्याला न खाल्ल्याने. मग?

अंत्युखियात नेमकं हेच झालं. पेत्र विदेश्यांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत होता; यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली, तसा तो मागे सरला. यहूदी पाहुण्यांच्या भावना त्याने जपल्या, पण पानावरून उठवल्यासारखं झालेल्या विदेशी भावांचं काय? बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर विचारलं (गलती २:११ ते १४). म्हणून दोघांना एकदम सांभाळता येत नसेल, तर तुमच्या सोडण्याने कुणाला पंगतीबाहेर बसावं लागतंय ते बघा. त्याच्या शेजारी जाऊन बसा.

१५. आपण कशासाठी सोडलं हे समोरच्याला सांगावं का?

शक्यतो नाही. रोम १४:२२ मध्ये तुझा विश्वास तुझ्यापुरता देवासमोर ठेव असं आहे. सांगितलं की समोरच्यावर उपकाराचं ओझं होतं. त्या लग्नातल्या भावाला मी नंतर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “उन्हाळा होता, सरबतच बरं.” आणि खुर्च्या उचलायला निघून गेला.